गुहागर–विजापूर रस्ता (जुना राज्यमार्ग ७८, आताचा १६६-ई) : जत ते गुहागर वाट, जुने दगड आणि कुंभार्ली घाट

डाळिंब_जत

नमस्कार मंडळी. डिसेंबरात जतहून गुहागरपर्यंत हा रस्ता सलग करायचा आहे. बोलेरो पिकअप, मागे साठ क्रेट डाळिंब, म्हणजे साधारण बारा क्विंटल. माल चिपळूणला उतरेल, पुढं गुहागरपर्यंत गाडी रिकामी. जाता-येता रस्त्याच्या जुन्या खुणांची नोंदही करायची आहे. चार गोष्टी विचारतो.

१) लोक अजून ‘७८ नंबर’ म्हणतात, पाटीवर १६६-ई दिसतं. रस्ता तोच आहे का?
२) जुना रस्ता नव्यापासून कुठं कुठं सुटलाय ते जागेवर कसं ओळखायचं? दगड मैलाचा की किलोमीटरचा, हे कसं कळणार?
३) भरलेल्या पिकअपला घाट किती, त्यात चढ कुठले आणि उतार कुठले?
४) ‘हा आदिलशाही रस्ता आहे, अफजलखान इथूनच आला’ असं आमच्याकडं सर्रास सांगतात. त्यात तथ्य किती?

मैलकुली

पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो, घाटाचं घाटवाले सांगतील.

रस्ता तोच आहे. गुहागर–चिपळूण–कराड–विटा–जत–विजापूर हा राज्यमार्ग ७८ होता. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग झाला आणि नंबर १६६-ई पडला. नंबराची फोड सोपी आहे. शेवटचे दोन आकडे ६६, म्हणजे मूळ झाड कोकणातला मुंबई–गोवा रस्ता, महामार्ग ६६. त्याची फांदी १६६, म्हणजे रत्नागिरी–कोल्हापूर–मिरज–सोलापूर. ‘ई’ ही त्या फांदीची डहाळी. तुम्ही नागज फाट्यावर पोचाल तिथं फांदी आणि डहाळी एकमेकांना छेदतात. मिरजेहून सांगोल्याकडं जाणारा तो १६६, तुमचा तो १६६-ई. फाट्यावर गोंधळ होतो तो ह्या नंबरांच्या सारखेपणामुळं. आकड्याकडं नको, गावाच्या नावाकडं बघा.

‘राज्यमार्ग’ हा दर्जा आला १९४३ च्या नागपूर योजनेतून. राष्ट्रीय, राज्य, प्रमुख जिल्हा, इतर जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची उतरंड तेव्हा ठरली. महाराष्ट्रात पुढं १९८१–२००१ आणि २००१–२०२१ अशा रस्ते विकास योजना झाल्या. जुन्या नकाशात नंबर जुळला नाही तर आधी तो नकाशा कुठल्या योजनेचा आहे ते बघा, मग भांडा.

आणखी एक अडचण येते. सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ म्हणून निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. विटा-खानापूर भागाचे त्याआधीचे कागद सातारा जिल्ह्याच्या दप्तरात असतात, मधल्या अकरा वर्षांचे दक्षिण सातारा नावाखाली. जत हे डफळ्यांचं संस्थान, त्याचं दप्तरच वेगळं. सांगलीच्या कचेरीत ‘जुनं काही नाही’ असं ऐकून परत फिरणारे इथंच फसतात.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांचे क्रमांक असे: चिपळूणकडचा भाग ४७-जी, कराड-विटा ४७-के, जत ४७-ओ, विजापूर ४७-पी. जुनी छपाई मिळाली तर मैलांचे आकडे थेट रस्त्याच्या रेघेवर सापडतात.

आता दगड. डोक्याचा रंग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा असेल तर जिल्हा किंवा शहरातला रस्ता, नारिंगी असेल तर ग्रामीण. तुमच्या वाटेवर पिवळ्या रंगाचे पोपडे सुटून खालून हिरवा डोकावताना दिसला की तो दगड ७८ च्या काळातला समजा. नवं रंगकाम करणारे जुना दगड उपटत बसत नाहीत, वरून हात मारतात. त्यामुळं सगळ्यात चांगला पुरावा रंगाच्या थरांत मिळतो. दर पाचव्या किलोमीटरचा दगड इतरांपेक्षा मोठा असतो आणि त्याच्यावर लांबच्या गावांचीही नावं असतात. मधे दर दोनशे मीटरला २, ४, ६, ८ असे बुटके दगड. गवतात हेच सगळ्यात जास्त शाबूत राहतात, कारण त्यांच्याकडं कोणाचं लक्ष जात नाही.

मैलाचा दगड ओळखायला ट्रिपमीटर पुरतो. लागोपाठच्या दोन दगडांत १.६ आलं तर ते मैलाचे, १ आलं तर किलोमीटरचे. १९५६ चा मापांचा कायदा झाला आणि साठच्या दशकात रस्त्यांवरून मैल गेला. तरी जुना दगड उलटा करून किंवा घासून त्यावर नवा आकडा टाकलेला सापडतो. म्हणून दगडाची पाठही बघायची.

नोंद करताना तारेचा ब्रश वापरू नका, अक्षराची कड जाते. पाणी आणि नारळाच्या काथ्याचा कुंचला पुरे. झिजलेलं अक्षर वाचायचं असेल तर उन्हं कलल्यावर जा, नाहीतर बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं तिरका उजेड टाका. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. फोटो तीन घ्या: तोंड, पाठ, आणि रस्ता दिसेल असा लांबून. तिसरा फोटो बहुतेक जण घेत नाहीत, आणि वर्षभरानं दगड हलला की तेवढाच कामाला येतो.

वाशिष्ठीकाठ

घाटाचं सांगतो, पण आधी एक गैरसमज काढायला हवा. कराडकडून येणाऱ्याला वाटतं, सह्याद्री ओलांडायचा म्हणजे मोठा चढ असणार. कुंभार्लीला तसा चढ नाहीच.

कारण कोयना. ही नदी महाबळेश्वराकडून निघते आणि साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला, सह्याद्रीच्या धारेला समांतर वाहते. हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते, पाटणवरून येऊन कराडला कृष्णेला मिळते. रस्ता कराडपासून हेळवाकपर्यंत ह्या नदीच्या खोऱ्यातूनच वर सरकतो. नदी जिथं वळते तिथं रस्ता तिला सोडून पुढं जातो. कोकणकडा तिथून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. थोडंसं चढलं की घाटमाथा नावाचं गाव, आणि पुढं एकदम दरी. म्हणजे पूर्वेकडून घाट जाणवत नाही आणि पश्चिमेकडं सगळा एका दमात उतरतो. दहा-बारा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरच्या आसपास उतार, खाली पोफळी. हिशेब करून बघा, सरासरी वीस-पंचवीसास एक पडते, म्हणजे वीस-पंचवीस मीटर पुढं गेलं की एक मीटर खाली. बैलगाडीला झेपेल अशा बेतानं आखलेला रस्ता आहे, म्हणून ट्रकलाही झेपतो.

भरल्या गाडीचं मात्र वेगळं. सौम्य उतार लांबला की ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून बसतो. कडक उतारावर माणूस आपणहून गिअर खाली घेतो, इथं घेत नाही. मग मधल्या वळणांपर्यंत ब्रेकचे ड्रम तापतात आणि पेडल पोकळ लागतं.

उपाय जुनाच आहे. ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. बारा क्विंटलच्या पिकअपला दुसरा, मोकळ्या तुकड्यात तिसरा. न्यूट्रल कधीच नाही, इंजिन बंद करून तर मुळीच नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो आणि स्टिअरिंग जड होतं. ब्रेक दाबून धरू नका. जोरात दाबा, वेग पंचवीसवर आणा, पूर्ण सोडा, पुन्हा तीसच्या वर गेली की परत दाबा. मधे सोडल्यानं ड्रमला वारा लागतो.

निघण्याआधी ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते बघा. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. दोन वर्षांपेक्षा जुनं असलं की तापल्यावर त्यातलं पाणी उकळतं, नळीत वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं दबतं. डब्यातली पातळी बरोबर आहे म्हणून ऑइल चांगलं, असं होत नाही. आणि जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, चाकाला ओट (दगडाचा किंवा लाकडाचा अडसर) लावा आणि वीस मिनिटं गाडी तशीच राहू द्या. तापल्या ड्रमवर पाणी ओतलं की बिडाला तडा जातो. ओतू नका, कितीही लोकांनी सांगितलं तरी.

क्रेटचं: पहिली रांग केबिनच्या जाळीला घट्ट टेकलेली हवी. उतारावर सगळा माल पुढं रेटतो. जाळी आणि क्रेट यांत वीतभर फट राहिली तर साठ क्रेट त्या वीतभरात येऊन आदळतात, आणि खालच्या थरातलं डाळिंब तडकतं. व्यापारी चिपळूणला तेच क्रेट आधी उघडतो.

अरुंद वळणावर वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, आणि तुम्ही उतरणारे आहात. डिसेंबरात धुकं पावसाळ्यासारखं नसतं, पण पहाटे कोयनानगरपासून घाटमाथ्यापर्यंत ढग खाली बसलेले असू शकतात. सकाळी आठनंतर घाटाला लागा. रात्री शक्यतो नकोच. हा पट्टा कोयना अभयारण्याच्या, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा आहे, जनावरं रस्त्यावर येतात.

खाली उतरल्यावर पोफळी, शिरगाव, पिंपळी, खेर्डी आणि चिपळूणचा बहादूरशेख नाका. तिथं मुंबई–गोवा रस्ता लागतो. पुढं गुहागरला मिरजोळी, मार्गताम्हाने, शृंगारतळी. वळणं भरपूर, पण गाडी रिकामी असल्यानं त्रास नाही.

खानापूर_घाटमाथा

वरच्या दादांनी घाटमाथा म्हणून जे गाव सांगितलं ते कोयनेकडचं. आमच्याकडं घाटमाथा म्हणजे खानापूरचं पठार. फोनवर वाट विचारताना दोन घाटमाथ्यांचा घोळ हमखास होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जतहून निघाल्यावर तुमचा हिशेब असा. जत–शेगाव–नागज फाटा, तीस-पस्तीस किलोमीटर. सपाट माळ, झोप आणणारा रस्ता. नागज ते भिवघाट वीसेक. भिवघाट हा तुमचा एकमेव खरा चढ. तिथं पठारावर आलात की खानापूर, मग विट्याकडं उतरताना रेवणगावचा घाट. विट्यानंतर येरळा ओलांडायची, कडेपूर, कडेगाव, आणि पुढं सुर्लीचा घाट उतरून कृष्णेच्या खोऱ्यात ओगलेवाडीला. म्हणजे माल भरलेला असताना एक चढ आणि तीन उतार: रेवणगाव, सुर्ली, कुंभार्ली. येताना गाडी रिकामी, तेव्हा तीन चढ. तुमच्या नशिबानं उलटा भार नाही. कोकणातून जांभा भरून वर येणाऱ्यांना विचारा.

हे पठार का मधे येतं ते नकाशात बघण्यासारखं आहे. पश्चिमेला येरळा, दक्षिणेला अग्रणी, दोन्ही कृष्णेला जाणाऱ्या. उत्तरेला आटपाडीकडं माण नदी, ती भीमेला. ह्या नद्यांच्या मधला उंचवटा म्हणजे खानापूर. पाणी चारी बाजूंनी निघून जातं, वर राहत नाही. म्हणून इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, विट्यात यंत्रमाग आले, आणि टेंभूचं पाणी यायला इतकी वर्षं लागली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं इकडं चढवलंय. (टेंभू म्हणजे आगरकरांचं गाव, हे जाता जाता.)

गाडीवाल्यासाठी दोन गोष्टी. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. कडेगाव ते कराड आणि पुढं पाटण रस्त्यालाही ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी हातभर आलेला असतो आणि मागचा लाल रिफ्लेक्टर उसाच्या पाल्यात झाकला जातो. अंधारात दिसतो फक्त पुढून येणाऱ्या गाडीचा उजेड, मधली ट्रॉली दिसतच नाही. अंधार पडायच्या आत कराड गाठा. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली म्हणून आत घेऊ नका, दुसरी असतेच.

दुसरी गोष्ट, काँक्रिटच्या कडा. ते मैलकुली सरांनी सांगावं.

मैलकुली

सांगतो, कारण ह्या रस्त्यावर मोटारसायकलवाले पडतात ते बहुतेक ह्याच कारणानं.

काँक्रिटचा रस्ता थरांनी बनतो. खाली मुरूम, त्यावर साधारण दीडशे मिलिमीटरचं कोरडं दुबळं काँक्रिट, त्याच्यावर मुख्य जाड स्लॅब. स्लॅबची वरची पातळी बाजूच्या जमिनीपेक्षा सहज फूट-दीड फूट वर येते. मग साईडपट्टी मुरमानं भरून, पाणी मारून, रोलर फिरवून स्लॅबच्या पातळीला आणायची असते. हे काम सगळ्यात शेवटी येतं, म्हणून सगळ्यात घाईत होतं. नुसता ओतलेला मुरूम पहिल्या पावसात बसतो किंवा वाहून जातो आणि काँक्रिटची कड उघडी पडते. चाक खाली उतरलं की परत वर घेताना टायरची बाजू त्या कडेला घासत राहते. ड्रायव्हर आणखी स्टिअरिंग ओढतो, चाक अचानक वर चढतं आणि गाडी पलीकडच्या लेनमध्ये फेकली जाते. चाक उतरलंच तर ओढू नका. वेग पार कमी करा, कड कमी उंचीची असेल तिथं किंवा फाट्याच्या तोंडाशी गाडी वर घ्या.

दुसरं, सांधे. स्लॅबमध्ये साडेचार मीटरच्या आसपास आडवे सांधे कापतात. ओतल्यानंतर काही तासांतच कापावे लागतात, नाहीतर काँक्रिट स्वतःच हवं तिथं फुटतं. रस्त्यावर वेडीवाकडी आडवी भेग दिसली तर बहुतेक वेळा तो सांधा उशिरा कापल्याचा पुरावा असतो. सांध्यातला रबरासारखा मसाला निघाला की पाणी खाली जातं. खाली काळी माती असेल तर ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि स्लॅबचं टोक अधांतरी राहतं. गाडीला ‘ठक-ठक’ लागते ती तिथं. बारा क्विंटलवर डाळिंबाला ही ठक-ठक चांगली नाही. क्रेटच्या तळाला कागदाचे तुकडे जास्त घाला, आणि टायरमध्ये हवा लेबलवर लिहिलेल्या भरल्या गाडीच्या आकड्याइतकीच ठेवा, वर नको.

जुना रस्ता कुठं सुटला ते ओळखायच्या खुणा विचारल्या होत्या. एक, दगडी कमानीची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा रस्त्याखालचा छोटा पूल. नवीन रस्त्याला चौकोनी काँक्रिटची मोरी असते. तिच्यापासून पाच-पंचवीस मीटरवर घडीव दगडाची कमान दिसली की जुनी आखणी तिच्यावरून जात होती. दोन, झाडं. वड, चिंच, कडुनिंब एका रेषेत, पण रेषा आताच्या रस्त्याला समांतर नाही. रुंदीकरणात एक बाजू तोडली जाते, दुसरी कधी कधी वाचते. तीन, गावातलं वळण. नवा रस्ता गावाबाहेरून सरळ जातो. जुना गावात शिरून देवळाजवळून किंवा चावडीजवळून परत बाहेर येतो. गावाच्या दोन्ही टोकांना ‘वाय’ आकाराचा फाटा दिसला की आत वळा, दगड तिथं मिळतील.

डाळिंब_जत

फार उपयोगाचं. चौथा प्रश्न राहिला. आणि कराडमध्ये नेमकं कुठून कुठं जायचं? नकाशात रस्ता गावात येऊन तुटल्यासारखा दिसतो.

करहाटक

कराडचं आधी. ओगलेवाडीहून (प्रभाकर कंदिलाची ती ओगलेवाडी. कराडचं रेल्वे स्टेशनही इथंच, शहरात नाही) विद्यानगर, सैदापूर करत कृष्णेचा पूल ओलांडून कृष्णा नाका. तिथून शहर ओलांडून कोल्हापूर नाका. मग पुणे–बेंगळूर महामार्गाला लागून उत्तरेला, म्हणजे साताऱ्याच्या बाजूला, कोयनेचा पूल, आणि वारुंजी फाट्याला डावीकडं पाटण रस्ता. तुमचा रस्ता तुटलेला नाही, मधला तुकडा दुसऱ्या महामार्गावरून जातो इतकंच. कराड दोन नद्यांच्या बेचक्यात आहे, त्यामुळं पूर्वेकडून पश्चिमेला जाताना कृष्णा आणि कोयना दोन्ही ओलांडाव्या लागतात. शहरात भरली गाडी सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी घालू नका. वारुंजीपासून विजयनगर, सुपने, विहे, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, येराड, हेळवाक. डिझेल कराडला किंवा फार तर पाटणला भरा.

आता इतिहास. वाट जुनी आहे यात वाद नाही. भारहुतच्या स्तूपावरच्या दानलेखांत ‘करहकट’च्या लोकांचा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कराड हे दान देण्याइतकं श्रीमंत गाव होतं. जवळच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. गाव श्रीमंत कशानं झालं, तर बंदर आणि देश यांच्या मधल्या जागेवर ते बसलेलं आहे म्हणून. दाभोळ हे बहमनी आणि नंतर आदिलशाही काळातलं कोकणातलं मोठं बंदर. तिथून वाशिष्ठीच्या खाडीतून होड्या चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत येत. पुढं पाणी संपलं, बैल सुरू. वर जाणार मीठ, सुकी मासळी, नारळ. खाली येणार धान्य, गूळ, तूप. विजापूर ही राजधानी असल्यानं दाभोळ–चिपळूण–कराड–विजापूर ही रेघ आपोआप महत्त्वाची झाली. या वाटेवर डोळा ठेवायला वसंतगड, पाटणचा दातेगड, कोयनेकडं जंगली जयगड. गड कुठं आहेत ते नकाशावर टिंबांनी दाखवा, वाट आपोआप दिसते.

पण दोन दुरुस्त्या. अफजलखान ह्या वाटेनं आला नाही. बखरींतला त्याचा मार्ग तुळजापूर, पंढरपूर करत वाईचा. ह्या वाटेचा संबंध त्यानंतरचा. १६५९ च्या नोव्हेंबरात खान पडल्यावर महाराजांची फौज झपाट्यानं दक्षिणेला सरकली, वसंतगड घेतला आणि पन्हाळ्यापर्यंत गेली. दाभोळही त्याच मोहिमांत आदिलशाहीच्या हातून सुटलं.

दुसरी, ‘आदिलशाही रस्ता’ म्हणजे आज ज्याच्यावरून तुमची पिकअप जाईल तो रस्ता नव्हे. वाट तीच, रस्ता वेगळा. लमाणांचे बैल डोंगराच्या सोंडेवरून सरळ उतरायचे, सहास-आठास एक असल्या उतारानं. चाकाला ते जमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी गाडीरस्ता केला तेव्हा त्याला लांब वळणं देऊन उतार वीसास एकच्या आसपास आणला. त्यामुळं जुनी पायवाट आणि गाडीरस्ता घाटात एकमेकांना पुन्हा पुन्हा छेदतात. मैलकुली सरांनी सांगितलेल्या दगडी मोऱ्या ह्या गाडीरस्त्याच्या, आदिलशाहीच्या नव्हेत. नोंदवहीत हा फरक स्वच्छ लिहा, नाहीतर पुढचा माणूस तुमचा हवाला देऊन पुन्हा तेच सांगेल.

वाशिष्ठीकाठ

करहाटक, एक भर घालतो. रस्त्याचं आजचं रूप कोयना प्रकल्पानं घडवलं हे विसरता येत नाही. १९५० च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि यंत्रसामग्री, सिमेंट, माणसं ह्याच रस्त्यानं आली. कोयनानगर वसलं ते त्यामुळं. गंमत बघा, कोयना नदी जाते पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडं. पण धरणातलं पाणी डोंगरातून बोगद्यानं पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघरात पडतं, पुढं कोळकेवाडी धरणात साठतं, तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीत आणि दाभोळच्या खाडीत. म्हणजे माल ज्या वाटेनं खाली उतरतो, तीच दिशा पाण्यानंही धरली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप झाला तेव्हा मदत पोचवायलाही हाच रस्ता होता. तुम्ही डिसेंबरातच येताय, कोयनानगरला थोडं थांबा.

आणि पावसाळ्यात कधी यायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. घाट बंद पडतो तो दरवेळी डोंगर कोसळल्यानं नाही. डोंगराकडचं गटार माती-पाल्यानं बुजतं, पाणी रस्ता आडवा ओलांडून दरीकडच्या बाजूला जातं, तिथली संरक्षक भिंत मागून भिजते. भिंतीत पाणी निघायला ठेवलेली भोकं चोंदलेली असली की पाण्याचा दाब भिंतीवर येतो आणि भिंतीसकट रस्त्याची कड खाली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी आल्या. असल्या पावसात घाटाचा विचारच नको. एरवी, पाणी डोंगराकडच्या गटारातून वाहतंय की रस्त्यावरून, एवढं बघा. रस्त्यावरून गढूळ पाणी आणि बरोबर बारीक खडे येत असतील तर गाडी तिथंच फिरवा. दरीकडची बाजू सोडून चाला, डांबरावर रस्त्याला समांतर लांब भेग दिसली तर ती ओलांडू नका, पलीकडचा तुकडा सुटायच्या बेतात असतो.

नवजा-कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तुमच्या जतला पाचशेच्या आसपास. एका नंबराच्या एकाच रस्त्यावर दहापट फरक. एकाच प्रकारचं बांधकाम दोन्हीकडं टिकेल अशी अपेक्षा ठेवणारे नकाशा न बघता अंदाजपत्रक करतात, दुसरं काय.

खानापूर_घाटमाथा

जतवाले दादा, शेवटचं. नागज भागात ‘जत रोड’ नावाचं रेल्वे स्टेशन पाटीवर दिसेल. नावात जत असलं तरी जतपासून ते चांगलंच लांब आहे. कोणी ‘जत रोडला भेटू’ म्हणाला तर स्टेशन की जतचा रस्ता, विचारून घ्या. आणि भिवघाटात चढताना काटा बघा, इंजिन तापलं तर वर पठारावर थांबायला जागा आहे, चढात थांबू नका.

डाळिंब_जत

सगळ्यांचे आभार. ठरवलं असं: पहाटे पाचला जत सोडायचं, आठच्या आत विटा, नऊच्या आधी कराड ओलांडून वारुंजी फाटा, अकराच्या सुमारास हेळवाक. घाट दुपारच्या आत उतरून चिपळूणला माल उतरवायचा. दगडांची नोंद येताना रिकाम्या गाडीनं, दोन दिवस घेऊन. ब्रेक ऑइल याच आठवड्यात बदलतो. पहिल्या दगडाचे फोटो इथंच टाकेन, तोंड, पाठ आणि लांबून, तिन्ही.

मैलकुली

पाचला निघालात तर ट्रॉल्या अंधारात लागतील. उसाच्या गाड्या रात्रभर चालतात. विट्यापर्यंत तासाला चाळीसच्या वर जाऊ नका, किंवा साडेसहाला निघा आणि कराड दुपारी ओलांडा. मुक्काम पाटणला करून घाट दुसऱ्या दिवशी आठनंतर उतरा. डाळिंब एक रात्र थांबतं.